पैसे पाण्यात घालावेत ते असे!

आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरून गेल्या चार वर्षांत बरंच काही खाली पडलं आहे. बादल्या, एक बॅट, कोणाची तरी वाळत घातलेली जीन्स, आणि एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री एक अख्खा लॅपटॉप. यातली पडल्यावरही पहिल्यासारखी कामाला आली ती फक्त जीन्स.

हे आठवायचं कारण परवाचं मेसमधलं जेवण. मी टेबलावर सांगत होतो की ध्रुवाकडच्या समुद्रात विमानातून यंत्रं टाकतात. ती पाण्यावर नाहीतर बर्फावर आपटतात, मग जागी होतात, पाण्याचं तापमान, खारटपणा, हवेचा दाब असलं काय काय मोजून वर कळवत बसतात, आणि काम संपलं की तिथेच बुडतात. परत आणायला कोणी जात नाही. समोर बसलेला आमचा सिव्हिलवाला मित्र आमटीत पोळी बुडवत शांतपणे म्हणाला, "म्हणजे सरळ पैसे पाण्यात!"

टेबल हसलं. मीही हसलो, वाक्यच तसं होतं. पण रात्री ते डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. माझं म्हणणं दोन भागांत आहे. एक, हे पैसे पाण्यात घालण्यासारखेच आहेत. आणि दोन, फेकून द्यायचं यंत्र बनवणं हे जपून ठेवायच्या यंत्रापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. आपल्याकडे मात्र ते कोणी शिकवत नाही, कारण त्याला मार्क नाहीत. या दुसऱ्या भागावर काही सर चिडतील. चिडू देत, पण आधी पूर्ण वाचावं ही विनंती.

सुरुवात एका विजारीपासून करतो.

१८७९ साली 'जेनेट' नावाचं अमेरिकन जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तर ध्रुवाकडे निघालं. ते बर्फात अडकलं, जवळजवळ दोन वर्षं बर्फाबरोबर वाहत राहिलं आणि जून १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला चिरडून बुडालं. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्या जहाजावरच्या काही वस्तू सापडल्या कुठे, तर थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, एका बर्फाच्या लादीवर! त्यात एका खलाशाची मेणकापडाची विजार होती आणि तिच्यावर त्याचं नाव घातलेलं होतं. (आपण धोब्याकडे टाकताना घालतो तसंच.) म्हणजे ध्रुवाकडचा बर्फ एका जागी बसलेला नाही, तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहतो, हे जगाला पटायला त्या विजारीचा मोठाच हातभार लागला. माझ्या मते ध्रुवीय समुद्रातलं पहिलं यशस्वी 'एक्सपेंडेबल' यंत्र तेच.

ही बातमी कळल्यावर नॉर्वेच्या नान्सेनने सरळ एक मजबूत जहाज बांधलं, 'फ्राम', आणि १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात अडकवलं. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते पलीकडे बाहेर पडलं. नान्सेनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला जास्त आवडतो तो जॉर्ज मेलव्हिल. हा 'जेनेट'वरचा चीफ इंजिनिअर, त्या दुर्घटनेतून जिवंत परतलेल्या थोड्या लोकांपैकी एक. त्याने काय सुचवलं? जहाज नको, माणसं नकोत, पिंपं टाका! १८९९ ते १९०१ या काळात अलास्काच्या उत्तरेकडच्या बर्फावर लाकडी पिंपं ठेवली गेली, आत चिठ्ठ्या. काही वर्षांनी त्यातली मोजकी आइसलँड आणि नॉर्वेच्या किनाऱ्यांना लागली. आता बघा, ज्या माणसाने आपले सोबती बर्फात मरताना पाहिले, त्याला माणसाऐवजी पिंप पाठवावंसं वाटलं. यात काटकसर तर आहेच, पण नुसती काटकसर नाही.

पिंपाची अडचण एवढीच की ते दोनच गोष्टी सांगतं. कुठून निघालं आणि कुठे पोचलं. मधल्या वर्षांत काय झालं ते पिंपाला विचारता येत नाही. ते विचारता यायला १९७० चं दशक संपावं लागलं. ऑक्टोबर १९७८ मध्ये टायरॉस-एन हा हवामान उपग्रह सोडला गेला आणि त्याच्यावर आर्गोस नावाची यंत्रणा होती. बोयाने (कोळी लोक जाळ्याच्या तरंगत्या गोळ्याला बोया म्हणतात, तोच शब्द वापरतो) करायचं इतकंच की ठराविक वेळाने रेडिओवर ओरडायचं. उपग्रह डोक्यावरून जाताना त्या ओरडण्याची फ्रिक्वेन्सी किती सरकली यावरून बोयाची जागा काढायची. डॉप्लर! बारावीला जी शिट्टी वाजवत जाणारी रेल्वे आपण पाठ केली, ती इथे कामाला आली. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने आर्क्टिकभर अशा बोयांचं जाळं टाकायला सुरुवात केली, आणि १९९१ पासून ते आंतरराष्ट्रीय आर्क्टिक बोया कार्यक्रम म्हणून चालतं.

पुढे जीपीएस आलं, इरिडियम आलं. इरिडियमची गोष्ट मजेशीर आहे. आपले टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर असतात, ते ध्रुवाजवळून क्षितिजाच्या खाली जातात, दिसतच नाहीत. इरिडियमचे ६६ उपग्रह मात्र ध्रुवांवरून फिरतात. सॅटेलाइट फोन विकायला काढलेली ही कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण तितक्या महागड्या फोनला गिऱ्हाईकच मिळेना. अमेरिकन संरक्षण खात्याच्या कंत्राटाने ती वाचली. आणि ज्या ध्रुवावर फोन करायला माणूस नाही, तिथल्या बोयांना ती वरदान ठरली. एमबीएची तयारी करणाऱ्यांनी ही केस स्टडी म्हणून लिहून घ्यायला हरकत नाही.

आता मित्राचा पुढचा प्रश्न. (त्याने विचारला नाही, पण विचारायला हवा होता.) इतके उपग्रह वर आहेत, मग खाली यंत्रं टाकायचीच कशाला?

कारण उपग्रहाला वरचं दिसतं. बर्फ किती पसरलाय ते तो उत्तम सांगतो. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा, तो सप्टेंबर २०१२ मध्ये सुमारे ३४ लाखांवर आला, हे उपग्रहांमुळेच कळलं. पण समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब उपग्रहाला थेट मोजता येत नाही, आणि दाब माहीत नसेल तर वादळाचा अंदाज म्हणजे अंधारात दगड. दुसरं म्हणजे बर्फाखालचं पाणी. ध्रुवाकडे एक उलटी गंमत आहे. आपल्या डोक्यात असतं की गरम पाणी वर, गार पाणी खाली. तिथे वर गार पण कमी खारं पाणी असतं, आणि त्याच्याखाली अटलांटिककडून आलेलं जास्त खारं, त्यामानाने गरम पाणी. इतक्या कमी तापमानाला पाण्याची घनता तापमानापेक्षा मिठावर ठरते. म्हणजे बर्फ वितळवणारी उष्णता तळघरात लपवून ठेवलेली आहे आणि उपग्रह गच्चीवरून बघतोय. खाली कोणीतरी उतरायलाच हवं.

बरं, उतरायचं तर विमानातूनच का? पूर्वी असं करायचे की विमान सरळ बर्फावर उतरवायचं, भोक पाडायचं, बोया बसवायचा, निघायचं. त्यासाठी जाड, जुना बर्फ लागतो. तो जुना बर्फच कमी होत चालला आहे. पातळ बर्फावर विमान उतरवणं म्हणजे आत्महत्या, आणि बर्फ फोडणारं जहाज रोज मिळत नाही. शिवाय हे जाळं एकदा टाकलं आणि झालं असं नाही. बर्फ वाहतो, बोये त्याच्याबरोबर वाहत जातात आणि ग्रीनलंडच्या पूर्वेच्या फ्राम सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये निघून जातात. घोंगडीला पडलेली भोकं सारखी रफू करत राहावी तसं सतत नवे बोये टाकावे लागतात. सायबेरियाच्या बाजूला तर नकाशा नेहमीच विरळ.

म्हणून विमानातून टाकायचे बोये निघाले. त्यातल्या एकाचं नावच 'एअरबोर्न एक्सपेंडेबल आइस बोया'. हा पॅराशूटने उतरतो. खाली काय असेल ते त्याला माहीत नाही. बर्फ असेल तर बर्फावर उभं राहायचं. पाणी असेल तर पाण्यात उभं तरंगायचं. बर्फावर उभा असताना उन्हाळ्यात बर्फ वितळला तर गपकन पाण्यात जाऊन पुन्हा उभंच राहायचं, आणि हिवाळ्यात भोवती पाणी गोठलं तरी चिरडून घ्यायचं नाही. ॲन्टेना कायम आकाशाकडे. कडाक्याची थंडी, म्हणून साधे सेल चालत नाहीत, लिथियम लागतात. ॲन्टेनावर बर्फ धरतो. बर्फात गाडला गेला तर बिचारा हवेचं म्हणून बर्फाच्या आतलं तापमान सांगत बसतो, आणि आकडा इतका व्यवस्थित असतो की शंकाही येत नाही. शिवाय ध्रुवीय अस्वलं! त्यांना कुतूहल भारी, ती येऊन बोया चावून बघतात. आता सांगा, आपल्या कुठल्या पेपरात 'अस्वलाने चावल्यास' असा लोड केस असतो?

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मेटासेंटरची गणितं सगळ्यांनी केली. तरंगणाऱ्या वस्तूचा गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर, कोण वर कोण खाली, वस्तू उलटेल की सावरेल. सहा मार्कांना हमखास. माझे सहाच्या सहा आले होते. याचा संदर्भ पुढे येईल.

दुसरा प्रकार आणखी छोटा आणि आणखी अल्पायुषी. याला एएक्ससीटीडी म्हणतात. साडेबारा सेंटिमीटर व्यासाची आणि साधारण एक्याण्णव सेंटिमीटर लांबीची नळी. ही मापं कुठून आली? पाणबुड्यांचा आवाज ऐकायला विमानातून जे सोनोबॉय टाकतात त्यांचं हे ठरलेलं माप. विमानात त्या मापाची नळी आधीच बसवलेली असते. मग संशोधकांनी आपलं यंत्र त्याच मापात बसवलं. युद्धासाठी केलेल्या भोकातून विज्ञान आत शिरलं, ही त्यातली मला पटलेली हुशारी. नवीन विमान नको, नवीन परवानगी नको, मापात बसा आणि निघा. पुढे याच मापात 'अलामो' नावाचे तरंगक आले. ते पोटातलं तेल पिशवीत आत-बाहेर करून स्वतःचं आकारमान बदलतात आणि पाण्यात खालीवर करत राहतात. अलास्काच्या वरच्या चुकची समुद्रात तेही विमानातून टाकले गेले.

तर ही एएक्ससीटीडीची नळी छोट्या पॅराशूटने पाण्यावर पडते. तरंगता भाग वर राहतो, त्यातून रेडिओची ॲन्टेना निघते. जड भाग सुटून खाली जातो आणि जाताना केसासारखी बारीक तार उलगडत जातो. तापमान आणि विद्युतवाहकता मोजत (वाहकतेवरून खारटपणा निघतो) साधारण पाच मिनिटांत तो हजार मीटरपर्यंत पोचतो. आकडे तारेतून वर, वरून रेडिओने विमानात. विमान तोवर आसपास घिरट्या घालतंय. मग तार संपते. संपलं आयुष्य.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. यात खोलीचा सेन्सरच नसतो! हजार मीटर खालचा दाब सोसणारा अचूक सेन्सर महाग. मग खोली कशी कळते? घड्याळावरून. नळीचा आकार आणि वजन इतकं काटेकोर ठेवायचं की ती ठरलेल्या वेगानेच पडेल. पाण्याला लागल्यापासून किती सेकंद झाले, त्यावरून खोली. सेन्सरचं काम घडणीवर ढकललं. व्वा!

पण यात पाय घसरतोही. जहाजावरून टाकायचा याचा साधा भाऊ आहे, एक्सबीटी. तो १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि तोही खोली घड्याळावरूनच काढतो. २००७ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की या एक्सबीटींच्या जुन्या नोंदींत समुद्र प्रत्यक्षापेक्षा गरम दिसत होता. पडण्याचं जे समीकरण धरलं होतं त्यात थोडी चूक, तापमानात थोडी चूक. १९७० च्या दशकात समुद्र तापून पुन्हा निवल्याचा जो फुगवटा आलेखात दिसायचा, तो बराचसा या चुकीचा निघाला. म्हणजे एका स्वस्त नळीच्या वेगातली किरकोळ गडबड, आणि अख्ख्या पृथ्वीच्या समुद्राचा ताप वाढलेला दिसतो. यंत्रं केव्हाच तळाला गेली होती, पण प्रत्येक नोंद जपून ठेवलेली होती आणि सगळ्यांसाठी खुली होती, म्हणून इतक्या वर्षांनी चूक सापडली आणि दुरुस्तही करता आली. जर्नलमध्ये रीडिंग 'ॲडजस्ट' करणाऱ्यांनी (म्हणजे आपण सगळ्यांनी) हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता मूळ हिशोब, या पैशातून मिळालं काय. नासाचा एक प्रकल्प होता, 'ओशन्स मेल्टिंग ग्रीनलंड', आद्याक्षरं ओएमजी. (नाव ठेवणाऱ्याला सलाम.) जोश विलिस हे त्याचे प्रमुख. २०१५ मध्ये काम सुरू झालं, २०१६ पासून २०२१ पर्यंत दर उन्हाळ्यात ग्रीनलंडभोवती विमान फिरवून साधारण अडीचशे नळ्या पाण्यात टाकायच्या. २०१९ मध्ये तर त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेलं एक डीसी-३ विमान वापरलं, नवी टर्बोप्रॉप इंजिनं बसवून. पणजोबांच्या वयाचं विमान, आणि त्याच्या तळातल्या भोकातून एक माणूस हाताने नळ्या सोडतोय.

प्रश्न असा होता की ग्रीनलंडच्या हिमनद्या वरच्या गरम हवेने वितळतायत की खालच्या गरम पाण्याने? ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभर समुद्र सुमारे सात मीटर चढेल, म्हणजे प्रश्न साधा नाही. पश्चिम ग्रीनलंडची याकोब्सहावन ही हिमनदी जगातल्या सगळ्यात वेगवान हिमनद्यांपैकी एक. २०१२ च्या सुमाराला ती वर्षाला सतरा किलोमीटरच्या वेगाने समुद्रात शिरत होती. आणि २०१६ पासून ती अचानक मंदावली, तिचं टोक जाड व्हायला लागलं! हवामानबदल खोटा म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत. पण ओएमजीच्या लोकांकडे त्या बाजूच्या पाण्याची मोजमापं होती. २०१९ मध्ये त्यांनी छापलं की हिमनदीपुढच्या खाडीत येणारं खोल पाणीच थंड झालं होतं, १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर कधी नव्हतं इतकं. त्यामागे अटलांटिकमधला अधूनमधून होणारा फेरबदल. म्हणजे पाणी निवलं तर हिमनदी निवली. यातून उलट सिद्ध झालं ते हे की या हिमनदीची दोरी समुद्राच्या हातात आहे, आणि पाणी पुन्हा तापलं की तिचा वेगही पुन्हा वाढणार. पाण्यात नळ्या टाकल्या नसत्या तर 'हिमनदी वाढतेय, मग काळजी कसली' एवढीच बातमी उरली असती.

मित्राने इथे दुसरी हरकत घेतली, आणि ती मला जास्त जड वाटते. "मग कचरा करत सुटायचं का? तार, प्लास्टिक, बॅटऱ्या, सगळं जगातल्या सगळ्यात स्वच्छ समुद्रात? इथे चहाचा कप खिडकीतून टाकला तर रेक्टर पन्नास रुपये दंड लावतात."

बरोबर आहे. कचरा तो कचराच. याला 'विज्ञानासाठी चालतं' असं उत्तर देणाऱ्यांपैकी मी नाही, तसं म्हणत म्हणतच बऱ्याच गोष्टी बिघडल्या. मी एवढंच विचारतो की पर्याय काय? तेवढ्या जागी जहाज न्यायचं तर टनांनी डिझेल जाळायचं आणि बर्फ फोडत जायचं. न मोजता राहायचं तर सात मीटरच्या प्रश्नावर डोळे मिटून बसायचं. वर्षाला अडीचशे नळ्या हा ग्रीनलंडएवढ्या बेटाभोवती मला पटणारा सौदा वाटतो, पण एका अटीवर. मोजलेला प्रत्येक आकडा जगाला फुकट मिळाला पाहिजे. समुद्र सगळ्यांचा, कचरा सगळ्यांच्या समुद्रात, मग माहिती एकाच्या कपाटात का? ओएमजीने आपले आकडे खुले केले, आर्क्टिक बोया कार्यक्रमाचेही खुले असतात. जो देश किंवा जे आरमार यंत्र टाकून आकडे दाबून ठेवेल, त्याला मात्र रेक्टरांचा दंड लावावा.

आणि हे सगळं आपल्यापासून लांब आहे असंही नाही. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र आहे. त्यांनी चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेबरोबर जुलै २०१४ मध्ये स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही वेधशाळा पाण्याखाली बांधून ठेवली. ती विमानातून टाकलेली नाही, नांगरलेली आहे, पण काम तेच, माणूस नसताना मोजत राहायचं. आणि २०२१ मध्ये त्याच गोव्यातल्या केंद्राच्या संशोधकांनी एक निबंध छापला की सायबेरियाच्या वरच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि आपल्याकडे सप्टेंबरमध्ये पडणारा टोकाचा पाऊस यांचा संबंध असू शकतो. 'असू शकतो' हा शब्द त्यांचाच, मी वाढवत नाही. पण काढणीला आलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात शेतात कुजताना ज्यांनी घरी पाहिलं आहे, असे आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक मजल्यावर निघतील. त्यांना कारा समुद्र कुठे आहे हे माहीत असायला हवं.

आता घरचं. गेल्या वर्षी आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला तलावाचं तापमान मोजणारा तरंगक केला. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणि दोन एंड कॅप, आत थर्मिस्टर, मायक्रोकंट्रोलर, जीएसएम मॉड्यूल, फटींना एम-सील, ओल शोषायला बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. डेमोला लॅबमध्ये बादलीत बुडवून दाखवला. सर म्हणाले एसएमएस दाखवा. एसएमएस आला. एका वायरीचा सोल्डर सुटत होता, तिथे मी बोट दाबून धरलं होतं, ते कोणाला दिसलं नाही. पंचवीसपैकी तेवीस!

मार्क पडल्यावर आम्ही तो हौसेने कॉलेजमागच्या तलावात सोडला. लॅबच्या मामांनी दोरी दिली, आणि म्हणाले, "हे उलटं नाही का होणार?" आम्ही हसलो. तीन तासांत तीन एसएमएस आले आणि मग शांतता. सकाळी जाऊन पाहिलं तर बॅटरी वरच्या टोकाला ठेवलेली, त्यामुळे साहेब शीर्षासन करून, ॲन्टेना पाण्यात. मेटासेंटर! सहापैकी सहा! आणि आत चमचाभर पाणी. मामा काही बोलले नाहीत, फक्त दोरी गुंडाळून घेतली.

मला लाज वाटली ती तरंगक उलटला याची नाही. तो उलटला हे कोणीही कधीच विचारलं नसतं, याची. आपला डेमो दहा मिनिटांचा असतो आणि टेबलावर असतो. दहा मिनिटं चालणारं यंत्र बाजारात तयार विकत मिळतं, हे आपल्यालाही माहीत आहे आणि सरांनाही. बर्फाखालच्या तरंगकाचं उदाहरण घ्या. तो वर येऊन उपग्रहाशी बोलायला निघाला आणि वर बर्फ असला तर डोकं आपटून फुटेल. मग त्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं की वरच्या थरातलं पाणी गोठणबिंदूच्या जवळ, म्हणजे उणे १.७९ अंशांच्या आसपास आलं, की वर जायचं नाही. आकडे पोटात ठेवायचे, खाली परतायचं, पुढच्या वेळी बघायचं. ही ओळ टेबलावर बसून सुचत नाही. काही यंत्रं हरवल्याशिवाय सुचत नाही.

म्हणून माझी मागणी. टर्मवर्कचे मार्क कॉलेजच्या हातात असतात, त्याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पंचवीसपैकी दहा मार्क यंत्र हात न लावता किती दिवस चाललं याला द्या. तलावात, गच्चीवर, पार्किंगमध्ये, कुठेही. इलेक्ट्रॉनिक्सचं असो की मेकॅनिकलचं. आणि बंद पडलं तर का पडलं याचा प्रामाणिक अहवाल दिला तर त्यातले निम्मे मार्क परत द्या, नाहीतर पोरं बंद पडलेलं यंत्र रात्री जाऊन चालू करून येतील. (आम्ही आलो असतो.) एका सरांशी बोललो तर ते म्हणाले, मग निम्मा वर्ग नापास होईल. होईलही. मार्क पुढच्या वर्षीपासून लावा, यंदा नुसतं करून पाहू.

आमचा दुसरा तरंगक तयार आहे. बॅटरी तळाला, वर ॲन्टेना, खाली अर्धा किलो वाळू. या वेळी दोरी मागायला गेलो तेव्हा मामांनी आधी तो कॅन्टीनच्या पिंपात सोडून बोटाने आडवा पाडून पाहिला. उभा राहिला. पुन्हा पाडला, पुन्हा उभा राहिला. मग दोरी दिली. तलाव भरलेला आहे, सोमवारी सोडतोय. मोजलेले आकडे रोज नोटीस बोर्डाशेजारी लावू, ज्याला पाहिजे त्याने उतरवून घ्यावेत. सिव्हिलवाल्या मित्रानेही पैसे घातले आहेत, चाळीस रुपये, वाळूचे.